देवाचा मेंढा

न कातरलेला एक मेंढा. लोकर पोटाखाली लोंबते, तिच्यात गोखरू अडकलेले.

पंचफुलाबाई जेवायला तीन ताटल्या घेते आणि एक परत फळीवर ठेवते.

निजामाच्या राज्यात तिच्या नवऱ्याचा, नामाजीचा, बाप थोडे दिवस ज्या साध्या शाळेत बसला, तिला लोक मदरसा म्हणत. दिवस मावळला की तो घरी येई.

१९९९ची दिवाळी. ओढ्यात धुतलेली मेंढरं उन्हात वाळत होती. नामाजी पाय बांधलेल्या मेंढीवर कातर चालवत होता आणि शेजारची भिकाबाई वावराच्या धुऱ्यावर बसून बघत होती.

"त्या बापड्यालाबी कातरा की ओ. चालता येऊन न्हाई राहिलं त्याला."

"देवाला सोडलेल्याला कातर लावत न्हाईत."

"पोरगं सोडलं, मेंढा सोडला. आता शिवाची मायच तेवढी ऱ्हायली."

पंचफुलाबाई हसली नाही.

तीन वर्षांपूर्वी सप्त्याला आलेल्या बुवांनी नामाजीच्या पोराचा, शिवशंकरचा, गळा ऐकला आणि म्हणाले, "हे लेकरू पाठशाळेत द्या." नामाजीला ठाऊक होता तो फक्त मठ. मठात दिलेलं लेकरू घरचं राहत नाही, त्याला परत हाक मारायची नसते. पाठशाळाही तसलीच, असं त्याने धरून टाकलं. दिलं म्हणजे दिलं. कुणाला विचारणं म्हणजे देताना हात आखडणं. जवळच्या गोरेगावला पोराला जीपमध्ये बसवताना त्याने एवढंच सांगितलं, "मागं वळून पाहू नको." घरी येऊन पोराचा लाडका मेंढा देवाच्या नावाने सोडला.

पाऊलवाटेनं कुणी येत होतं. पांढरा सदरा, धोतर, कपाळाला गंध, ओठावर नुकती फुटलेली मिसरूड. नामाजीच्या हातातली कातर गळून पडली. तो पुढे झाला, वाकला आणि त्याने पोराच्या पायावर डोकं ठेवलं.

"या महाराज."

शिवशंकर विंचू दिसल्यासारखा मागे सरला. "आबा! काय करून राहिले? मी शिवा हाय!"

"तुमी देवाचे झाले."

"मला सुट्टी लागली, आबा."

"सुट्टी?"

"पाठशाळा हाय ती, मठ न्हाई. पखवाज, अभंग, कीर्तन शिकायचं. शिकून झालं की ज्याच्या त्याच्या घरी. लगनं करतेत, वावरं करतेत."

नामाजीने पडलेली कातर उचलली. "म्हंजे माह्या बापाचा मदरसा व्हता, तसलं? जायाचं, शिकायचं, यायचं?"

"व्हय. फकस्त तिथंच ऱ्हायाचं." शिवशंकरचा आवाज बारीक झाला. "दिवाळीला समदे घरी जातेत. मी एकलाच ऱ्हायचो. मला वाटलं, तुमाला मी नको झालो. औंदा गुरुजी खेकसले, माय हाय ना तुला, मग जा की."

पंचफुलाबाईने पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याला कवटाळलं. "मेल्या, तुला पाय नव्हते? आन् तुमी ओ! तुमच्या देण्यापायी माझ्या दिवाळ्या गेल्या."

आधी नामाजीचे खांदे हलले. रडतोय की काय म्हणून भिकाबाई पुढे आली, तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता.

"शिवा, धर रे त्याला."

दोघांनी मिळून मेंढा आडवा केला. गुंत्यात कातर अडकत होती. शिवशंकर त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहिला, पूर्वी बोलायचा तसं.

"देवाचा हाय ना तो?" भिकाबाईने चिमटा काढला.

"औंदा त्यालाबी सुट्टी."

मेंढा उठला, त्याने अंग झाडलं आणि तो कोकरासारखी उडी मारून कळपात घुसला. लोकरीचा ढीग तिथंच पडून राहिला. आत पंचफुलाबाईने तीन ताटल्या घेतल्या आणि तिन्ही मांडल्या.

तीन वर्षांपूर्वी गोरेगावहून जीप सुटली, तेव्हा मागे वळून नामाजीनेच पाहिलं होतं.