वीतभर उजेड

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. काटकोन तपासायला गवंड्याकडे लोखंडी गुण्या असतो ना, तसा हा माणूस. टेबलावरची वही तिरकी दिसली की सरळ करणार, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, आणि बोलताना तुम्ही मान कलती केलीत तर तीही सरळ करावी असं त्याला वाटत असणार. दाजींनी स्वतः तीस वर्षं गवंडीकाम केलेलं, तेव्हा असलं नाव त्यांनाच सुचायचं. पुढे धंद्यातली माणसंही त्याला गुण्याच म्हणू लागली, आणि त्यांच्या तोंडी त्या नावात थोडा मान होता.

धंदा म्हणजे इमारतींचे फोटो काढायचे. तेही कसल्या इमारतींचे? ज्यांत काही म्हणजे काही नाही अशा. पांढरी भिंत, काळी सावली, एक जिना, संपलं. नक्षी नको, झाड नको, आणि माणूस तर नकोच नको. माणूस फ्रेममध्ये आला की गुण्याचं डोकं फिरायचं. "जरा बाजूला व्हा" हे त्यानं आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा आईला हाकही मारली नसेल. काम झालं की निवडलेला एक फोटो नीट करून ठेवायचा आणि बाकी सगळं, मूळ फायलींसकट, त्याच संध्याकाळी पुसून टाकायचं. "अडगळ नको," म्हणायचा. दाजी हसायचे. "आमचे मेहुणे म्हणजे अजब वल्ली. लग्नाला बोलवा, नवरानवरी सोडून हॉलचे खांब टिपून आणतील!"

पाठीनं दगा दिला तेव्हा दाजींनी थापी खाली ठेवली आणि शहरातल्या नव्या वाचनालयात रखवालदाराची नोकरी धरली. त्या वाचनालयाच्या चौकात एक एकटी भिंत होती. दोन मजले उंच, पांढरीशुभ्र, कशालाही न टेकलेली. तिच्यात आणि मुख्य इमारतीत फक्त वीतभर फट ठेवली होती. दुपारी बाराच्या सुमारास दहा मिनिटं सूर्य बरोबर त्या फटीत यायचा आणि सगळ्या सावलीत उजेडाची एक उभी पट्टी दिसायची, जमिनीपासून थेट आभाळापर्यंत. ज्या बाईंनी इमारतीचा आराखडा केला होता त्यांचं सगळं नाव त्या पट्टीवर झालं होतं. फोटो काढायला त्यांनी गुण्यालाच बोलावलं. दुसरं कोण!

तो सकाळपासून तिथे होता. कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला, पुन्हा पाहिला, आणि बाराची वाट बघत बसला. बारा वाजले, उजेड उतरायला लागला, आणि फटीत वरून एक दोरी लोंबकळत खाली आली. टोकाला वजन. दाजींनी गच्चीवरून ओळंबा सोडला होता. मग ते पाठ धरत जिना उतरून त्याच्यापाशी आले.

"गुण्या, बघ."

"दाजी, ती दोरी काढा आधी. फ्रेममध्ये येतेय."

"अरे, तुझी फ्रेम गेली खड्ड्यात! दोरी बघ आणि भिंत बघ. फट खाली वीतभर आहे, वर वीत आणि दोन बोटं. गेल्या महिन्यात वर एकच बोट जास्त होतं. भिंत निघालीय बाबा बाहेर."

"मग सांगा की तुमच्या साहेबांना."

"तीनदा सांगितलं. म्हणतात, रखवालदारानं गेट बघावं. तू मोठ्या बाईंच्या कानावर घाल ना. तुझं ऐकतील त्या."

गुण्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. त्याला दिसलं. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, त्याला स्वच्छ दिसलं. दोरी सरळ होती, इमारतीची कड दोरीला धरून होती, आणि भिंतीची कड वर जाताना हळूच लांब सरकत होती. पट्टी वर रुंद, खाली अरुंद. त्यानं बुडबुडा पुन्हा तपासला. मधोमध. अशा भिंती सरळ दिसाव्यात म्हणूनच बनवलेली ती लेन्स होती आणि वीस वर्षांत तिनं त्याला एकदाही फसवलं नव्हतं.

"लेन्समुळे दिसतं तसं," तो म्हणाला. "दाजी, उजेड चाललाय हो. दोरी काढा आणि जरा बाजूला व्हा."

दाजींनी एकदा फटीकडे बघितलं. मग परत दोन मजले चढून गेले, दोरी वर ओढून घेतली आणि खाली येऊन कोपऱ्यात उभे राहिले. मेहुण्याच्या कामात त्यांनी कधीच खोडा घातला नव्हता.

संध्याकाळी गुण्यानं संगणकावर भिंतीची वरची कड धरली आणि आत ढकलली. दोन बोटं मिटवायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. पट्टी वरपासून खालपर्यंत एकसारखी झाली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की काय सांगावं. बाईंना फोन करायचं त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण इमारतीत खोट काढणाऱ्या फोटोवाल्याला पुढच्या इमारतीला कोण बोलावतं? आणि दाजींचं काय, त्यांना प्रत्येक भिंत दुसऱ्याच गवंड्यानं बिघडवलेली दिसते. अशी मनाची समजूत घालून त्यानं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि बाकीच्या फायली नेहमीसारख्या पुसून टाकल्या.

फोटोला मोठं बक्षीस मिळालं. त्याच्या अर्जात एक ओळ होती, चित्रातल्या रेषा आणि आकार बदललेले नाहीत. त्याखाली त्यानं सही केली. अशा सह्या सगळेच करतात. एक मोठी प्रत त्यानं ताईकडे नेऊन दिली, दाजींच्या कामाची जागा म्हणून. दाजींनी बाहेरच्या खोलीत स्वतः खिळा ठोकला, फोटो लावला आणि समोर उभं राहून बराच वेळ बघितला. "छान आलाय," एवढंच म्हणाले. चेष्टा नाही, मस्करी नाही. गुण्याला ते जरा लागलं, पण जाऊ दे म्हणून त्यानं सोडून दिलं.

फोटो काढल्यापासून चार महिन्यांनी, एका सकाळी वाचनालय उघडायच्या वेळेआधी, भिंत पडली. खाली दाजी होते. पायथ्याशी हातभर माती उकरलेली, आणि कुदळ त्यांच्या हाताशी.

घरात भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. सख्खा मेहुणा फोटोग्राफर, आणि गेलेल्या माणसाचा एक धड फोटो नाही! काय म्हणावं याला? शेवटी नोकरीच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून आणला. त्यात दाजी कुणाचे तरी चुलते वाटत होते. गुण्या ते चित्र बघून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून रडला.

भिंत बांधणाऱ्या कंपनीनं हात झटकले. भिंत ठणठणीत होती, रखवालदारानं पाया उकरला म्हणून पडली, तो स्वतःच्या हातानं मेला. चौकशी समिती बसली. दाजींबरोबर काम केलेले जुने गवंडी दारात येऊन हळहळले, पण जिन्यावरून उतरताना त्यांच्यातला एक जण म्हणालाच, "तीस वर्षं भिंती बांधल्या आणि शेवटी पायाच उकरला? नवशिका मजूरसुद्धा करणार नाही." ताईनं ते ऐकलं. नवरा गेला तेव्हा ती ओरडून रडली होती. हे ऐकल्यावर रडली नाही.

समितीनं गुण्याला बोलावलं होतं, कारण भिंतीचा पडण्याआधीचा एकमेव मोठा, तारीख असलेला फोटो त्याचा होता. आदल्या दुपारी ताई त्याच्या स्टुडिओत आली. स्टुडिओही तसाच, पांढरा, एक टेबल, दोन खुर्च्या. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"तुला एक सांगायचंय. त्यांच्या साहेबांनी ह्यांना तुझा फोटो दाखवला होता," ती म्हणाली. "हे चौथ्यांदा तक्रार घेऊन गेले ना, तेव्हा. साहेब म्हणाले, तुमच्याच मेहुण्यानं काढलाय, मोजपट्टी लावून बघा, कुठे वाकलीय? ह्यांनी खरंच पट्टी लावून बघितली रे."

गुण्याचे हात टेबलावर होते. ते त्यानं मांडीवर घेतले.

"घरी आले, जेवले नाहीत. त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, गुण्याच्या फोटोत सरळ आहे म्हणजे सरळच असणार, तो केसभर इकडचं तिकडे होऊ देत नाही. मग माझे डोळे गेले म्हणायचे, नाहीतर डोकं. मी म्हटलं, जाऊ द्या ना, तुम्हाला काय करायचंय! तर म्हणाले, एकदा पाया उकरून बघतो. पाया धड असला तर पुन्हा तोंड उघडणार नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दुसऱ्याच दिवशी सकाळी."

गुण्यानं उठून तिला पाणी आणून दिलं.

"आता तूच सांग. भिंत वाकली होती का? तू म्हणशील ते मी मानेन. नव्हती म्हणालास तर ह्यांचं चुकलं असं समजून गप्प बसेन. पण मला कळायला हवं. मी ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस शेवटी भ्रमिष्ट झाला होता का?"

"उद्या सांगतो ताई," तो म्हणाला. "तिथेच सांगतो, सगळ्यांसमोर."

ती गेल्यावर त्यानं डिस्क लावली. एक नाही, सगळ्या. दोरी असलेली फ्रेम, दोरी काढल्यानंतरची पण सरळ न केलेली फ्रेम, काहीतरी कुठेतरी राहिलं असेल. चुकून एखादी अडगळ! पण गुण्याच्या घरात चुकून काही राहत नसे. प्रत्येक कामाचं एक खोकं, प्रत्येक खोक्यात एक फोटो. पुसलेल्या फायली परत काढून देणाऱ्याकडे तो धावत गेला. त्यानं तासभर खटपट केली आणि मान हलवली. "यावर दहा वेळा दुसरं काही लिहून झालंय. फार टापटिपीनं वापरलीय तुम्ही डिस्क."

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत तोच फोटो पडद्याएवढा करून लावला होता. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अभियंता, म्हातारा, सभ्य माणूस. ताई मागच्या बाकावर बसली होती.

"हा फोटो तुमचा?"

"हो. पण तो खोटा आहे. भिंत वर दोन बोटं बाहेर गेली होती. मी ती सरळ केली." एका दमात बोलून टाकलं त्यानं. "मृतानं मला ओळंबा लावून दाखवलं होतं. मी बघितलं आणि त्यांना बाजूला व्हा म्हटलं."

खोलीत कुजबुज झाली. कंपनीचा वकील उठलासुद्धा नाही, बसल्या बसल्या त्यानं एक कागद पुढे सरकवला. अध्यक्षांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"बक्षिसाच्या अर्जावर तुम्ही लिहून दिलंय, रेषा बदललेल्या नाहीत. ही सही तुमची?"

"माझीच. तेव्हा खोटं लिहिलं."

"मूळ फोटो आणलाय?"

"नाही. पुसला."

"दुसऱ्या कुणाला सांगितलं होतंत, तेव्हा? आराखडा करणाऱ्या बाईंना?"

"नाही."

"तुम्ही मृताचे कोण?"

"मेहुणा."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा आवाज मऊ होता, आणि गुण्याला त्याचाच जास्त त्रास झाला. "तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. बहिणीसाठी माणूस काय बोलणार नाही! पण आम्हाला कागदावर चालावं लागतं. बसा तुम्ही."

तो खरं बोलला होता, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाक कापून घेऊन खरं बोलला होता, आणि त्या खोलीत ते कुणाच्या कामाचं नव्हतं. अध्यक्षांनी मोजपट्टी मागवली आणि फोटोवर लावली. वर, मधे, खाली. सगळीकडे फट सारखी. लेखनिकानं तसं लिहून घेतलं.

बाहेर लांबलचक पांढरा बोळ होता. ताई खिडकीशी उभी होती. गुण्या तिच्यापाशी गेला आणि त्याचं उसनं बळ संपलं.

"ताई, त्यांनी नाही मानलं. निदान तू तरी विश्वास ठेव."

"ठेवला ना," ती म्हणाली. "तू बोलायला तोंड उघडलंस तेव्हाच ठेवला."

"दाजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांचे डोळे शाबूत होते."

"हो. म्हणजे त्या दिवशी तुम्हा दोघांनाही दिसलं होतं. ह्यांनाही आणि तुलाही." ती प्रत्येक शब्द सावकाश बोलत होती, हिशेब चुकू नये म्हणून बोलावं तशी. "आणि हे चार महिने समजत राहिले, आपल्या एकट्यालाच दिसतंय."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चल, मी सोडतो घरी."

"नको."

"ताई..."

"बाजूला हो जरा," ती म्हणाली. "मला जाऊ दे."

तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि ती समोरून निघून गेली.