श्रावणातले जेलीफिश

माजिवड्याच्या मत्स्यालयातले थंड पाण्यातले जेलीफिश बशीएवढे होते, तीन आठवड्यांत पुरीएवढे दिसू लागले. त्यांना सांभाळणाऱ्या शकूची खात्रीच पटली: पाणी गार ठेवणारं मशीन तपासायला येणारा प्रशांत मोठे पळवतो आणि छोटे आणून सोडतो. मेला, वरून कसा साळसूद! आज तिने सरळ त्याची पिशवी उलटी केली. पाने, पक्कड आणि जेवणाचा डबा एवढंच पडलं.

"शकूताई, हे तेच आहेत," तो म्हणाला. "उपाशी राहिले की हे लगेच मरत नाहीत, आक्रसून लहान होतात. कोळंबीची जिवंत पिल्लं घालता ना रोज?"

शकू पक्कड उचलून परत त्याच्या पिशवीत ठेवू लागली. श्रावण लागल्यापासून, हातून जीव जायला नको म्हणून, तिने त्या पिल्लांना हातच लावला नव्हता.