भाच्याच्या पाया

पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना मी आजोबांचा हात धरला होता. खरं म्हणजे त्यांनीच माझा धरला होता. दहावीत गेल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण खाकी ती खाकीच!

झालं होतं असं. काचबिंदूमुळे खंडेराव आजोबांना अंधुक दिसायला लागलं. आम्ही नाशकात, ते निफाडला. तिथे शेजारी त्यांचा भाचा, योगेशकाका. आजोबांनी एटीएम कार्ड, पिन, मोबाइल सगळं त्याच्या हवाली केलं. सुट्टीत मी त्यांना बँकेत घेऊन गेले, तर द्राक्षबागेवर जन्मभर साठवलेलं सगळं गायब! काकाच्या दारात मात्र नवी कोरी गाडी.

आता प्रश्न एकच होता, आजोबा तक्रार देणार की नाही? पप्पा तर त्यांच्या आत्याला, म्हणजे योगेशकाकाच्या आईला, तोंड कसं दाखवू म्हणत बाहेरच थांबले.

आत योगेशकाका आधीच येऊन बसला होता. शेजारी त्याची आई भागीआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, पदरानं डोळे पुसत.

"दादा, चुकलं पोरगं. फेडंल हळूहळू. पोलिसात कशाला?"

"मी काय चोर हाय का मामा? घरचाच पैसा ना!" काका म्हणाला.

"घरचा असला तरी," फौजदार मॅडम म्हणाल्या, "विश्वासानं सोपवलेला पैसा परस्पर वापरला की न्यासभंग होतो. पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो."

"न्यास... काय?" आजोबांनी कान पुढे केला.

"ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच खाल्लं, आजोबा."

"मंग असं सरळ म्हना की! येवढा अवघड शब्द ठेवल्यावर कोन येतंय तक्रारीला?"

मॅडम हसल्या. काका हसला नाही. तुरुंग ऐकून तो पांढराफटक पडला होता. ताडकन उठला आणि आजोबांच्या पायांवर वाकला.

भागीआजी रडायचीच थांबली. कारण आमच्यात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो. भाचा देवासारखा. दर दिवाळीला पांढऱ्या मिशांचे आमचे आजोबा या काकाच्या पाया पडायचे आणि हा मोबाइल बघत बघत पाय पुढे करायचा.

"आरं, आरं! पाप लागंल मला," म्हणत आजोबा मागे सरले. त्याला दंडाला धरून उभं केलं. मग स्वतःच वाकले, चाचपडत त्याचे बूट शोधले आणि तो हात कपाळाला लावला.

संपलं, मला वाटलं. केलं माफ. मॅडमनी पेनही खाली ठेवलं.

आजोबा सरळ झाले. "ह्यो मान भाच्याचा. त्यो मी मरंस्तोर देनार. पन पैसा खाल्ला त्यो माझ्या भरवशाच्या मानसानं. त्याची तक्रार लिवा, मॅडम."

"दादा!"

"भागे, तू माझी बहीनच हाय. भाऊबीजेला ये."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याच्यापुढे वाकले त्याच्याचपुढे इतके ताठ उभे! हे असं करता येतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. योगेशकाका मटकन खुर्चीत बसला.

तक्रार लिहून झाली, मॅडमनी वाचून दाखवली. आजोबांनी कागद डोळ्यांशी नेला, पण अक्षर काही दिसेना.

"हर्षे, सहीची जागा दाखव."

मी बोट ठेवलं. आजोबांनी बोटाला लागून पेन टेकवलं आणि न थबकता, एका दमात सही केली.