एकोणीस नळ्या आणि एक दगड

मित्रांनो, मोटारीच्या नाकामागे वाऱ्याच्या तोंडी बसायचे आणि इंजिनातले तापलेले तेल थंड करून परत पाठवायचे, हे माझे काम होते. मला ऑइल कूलर म्हणतात. माझ्या अंगात ॲल्युमिनियमच्या एकोणीस चपट्या नळ्या आहेत. पाचव्या नळीला एक भोक आहे. त्या भोकापायी एका माणसाचा हात जळाला. ते कसे घडले ते मी सांगणार आहे, आणि त्यातले काही लपवणार नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. सहाशे अंशांच्या आगीत माझे सुटे तुकडे एकमेकांना चिकटले. मग मला पाण्यात बुडवून माझ्यात इतकी हवा कोंबली की माझ्या बरगड्या कुरकुरल्या. माझ्या शेजारचा तेव्हाच फुटला. त्याला चिमट्याने उचलून भंगाराच्या पिंपात फेकले. मी एकही बुडबुडा सोडला नाही, म्हणून मला पुठ्ठ्याचा खोका मिळाला.

तो खोका रियेका या समुद्रकाठच्या शहराच्या वरच्या उतारावर, निवेसच्या गॅरेजात येऊन पडला. निवेस चाळिशी ओलांडलेली बाई. तिच्या कोपरांपर्यंत कायम काळे तेल असे, आणि जीभ तिच्या करवतीपेक्षा धारदार होती. तिचा धाकटा भाऊ क्लाउदियो बंदरावर क्रेन चालवायचा आणि रविवारी डोंगरमाथ्यावरच्या ट्रॅकवर आपली लाल गाडी पळवायचा.

एका एप्रिलमध्ये ती लाल गाडी दोरीने ओढत आणली. इंजिनाची कूस फाडून एक लोखंडी दांडा बाहेर आला होता. आतल्या लोखंडाचा चुरा तेलात मिसळून चांदीच्या चिखलासारखा गळत होता. माझ्या खोक्याचे झाकण उघडे होते, म्हणून मी सगळे पाहिले.

"तेलाच्या तापमानाचा काटा कुठे होता?" निवेसने विचारले.

"बघितला नाही."

"बघितला नाहीस, की बघूनही दाबत राहिलास?"

क्लाउदियोने बुटाच्या टोकाने एक नट लाथाडला. "एकशे पंचेचाळीसवर."

"एकशे पंचेचाळीसला तेलाचं पाणी होतं, गाढवा. मग बेअरिंगवर थरच राहत नाही. लोखंड लोखंडाला खातं. तुझ्या इंजिनाचं जेवण झालं दिसतंय."

नवे इंजिन आले, तेव्हा कूलर निवडायची वेळ आली. कारखान्याने गाडीला दिलेला कूलर तळहाताएवढा होता. बाजारात जाऊन येण्यापुरता तो ठीक होता, ट्रॅकवर तीन फेऱ्यांत हात टेकायचा. क्लाउदियो फळीपाशी आला आणि त्याने चौतीस नळ्यांच्या माझ्या थोरल्या भावावर बोट ठेवले.

"हा दे. सगळ्यात मोठा."

"तुला तेल थंड करायचंय की आइस्क्रीम काढायचंय?"

"मोठा म्हणजे चांगला."

"तुझं डोकंही मोठं आहे. काय फायदा झाला?" निवेसने मला खोक्यातून काढले. "ऐक. डोंगरावर सकाळी बोचरा वारा असतो. एवढा मोठा कूलर लावलास तर तेल गरमच होणार नाही. ते मधासारखं घट्ट राहील आणि जिथे पोचायचं तिथे पोचणार नाही. त्यात साठलेली पाण्याची वाफही उडणार नाही. तेल शंभरच्या वर जायला हवं आणि एकशे तीसच्या खाली राहायला हवं. त्याला एकोणीस नळ्या पुरेत. सोबत थर्मोस्टॅट लावू. तेल थंड असेल तोवर तो कूलरची वाट बंद ठेवेल."

"बेपोच्या गाडीत पंचवीसचा आहे." क्लाउदियोने आपल्या दोस्ताचे उदाहरण दिले.

"मग बेपोच्या आईला सांग, मला दत्तक घे म्हणावं."

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, सगळ्यांत मोठा असल्यामुळे नव्हे, त्या गाडीच्या मापाचा असल्यामुळे कुणी आपल्याला निवडावे, याचे सुख काय असते ते मला त्या दिवशी कळले. निवेसने मला बंपरच्या आत, पाइप जोडायची दोन्ही तोंडे वर करून बसवले, म्हणजे आत हवा अडकू नये. पोलादी विणीचे पाइप जोडले. समोरचा सगळा वारा माझ्यावरच यावा म्हणून पत्र्याचा बोगदा केला. शेवटी माझ्या तोंडावर तारेची बारीक जाळी लावली.

"ही कशाला?" क्लाउदियोने विचारले.

"दगड हा ॲल्युमिनियमचा बाप असतो म्हणून."

पुढचे दोन उन्हाळे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. उकळते तेल माझ्या अंगात घुसायचे, बाहेरचा वारा मला झोडपायचा, आणि मी त्या दोघांच्या मारामारीत मधोमध उभा राहायचो. काटा एकशे वीसच्या पुढे गेला नाही. एकदा क्लाउदियोने बंपर काढून माझ्या माथ्यावर ओठ टेकवले. बेपो जवळच उभा होता. बेपो म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मासळीबाजारात गाळा असलेला, पांढरी गाडी चालवणारा. तो ओरडला, "अरे, बायको असती तर तिचं एवढं कौतुक केलं असतंस का?"

बेपो प्रत्येक फेरीत क्लाउदियोपेक्षा अर्धा सेकंद पुढे असे. या अर्ध्या सेकंदावर ते दोघे दर रविवारी भांडत आणि एकाच ताटलीतले भाजलेले मांस खात.

सप्टेंबरातला तो रविवार कोरडा आणि उकाड्याचा होता. सकाळच्या फेऱ्यांत काटा एकशे चोवीसला गेला.

"ठीक आहे," निवेस म्हणाली. "एकशे चोवीस म्हणजे ठणठणीत. हात लावू नकोस कशाला." आणि ती टायरमधली हवा बघायला गेली.

क्लाउदियोने हात लावला. त्याला वाटले, जाळी वारा अडवते. वारा जास्त आला तर तेल आणखी थंड राहील, आणि आणखी जोर लावता येईल. त्याने पक्कड घेतली, जाळीच्या तारा कटाकट कापल्या आणि जाळी डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीखाली दडपली. माझे तोंड उघडे पडले. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

दुपारी दोघे ट्रॅकवर उतरले. बेपो पुढे, आम्ही मागे. ही शर्यत नव्हती, कुणी घड्याळ लावून बसले नव्हते. पण क्लाउदियोचा पाय ते मानायला तयार नव्हता. चौथ्या फेरीत बेपोचे मागचे चाक डांबराच्या कडेवरून खडीत उतरले. चाकाने खडीची मूठ भरली आणि आमच्या तोंडावर फेकली. दिव्याची काच फुटली. बंपरवर गोळ्या झाडल्यासारखे तडतडले. आणि बोराएवढा एक धारदार दगड सरळ आत आला आणि माझ्या पाचव्या नळीत घुसला.

मित्रांनो, ती वेदना मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्या तेलाला मी दोन वर्षे सांभाळले, ते माझ्या छातीतून पिचकारीसारखे उडू लागले.

क्लाउदियोला ते अजून कळले नव्हते. बेपोची गाडी खडीने डगमगली होती, त्याचा फायदा घेऊन तो पुढे निघाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच पुढे! आतून त्याची आरोळी ऐकू आली. त्याच क्षणी तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला.

त्या दिव्याचा अर्थ प्रत्येक चालकाला माहीत असतो. कडेला हो, इंजिन बंद कर. क्लाउदियो मोठ्याने म्हणाला, "फक्त तीन वळणं राहिलीत." आणि त्याने पाय दाबूनच ठेवला.

दुसऱ्या वळणावर इंजिन आतून किंचाळले आणि जाम झाले. मागची चाके अडकली. गाडी स्वतःच्याच तेलावर भिंगरीसारखी फिरली आणि उलट तोंडाने गवतात थांबली. माझे तोंड आता मागच्या रस्त्याकडे होते. म्हणून पुढचे सगळे मला पाहावे लागले.

डांबरावर माझ्या तेलाची काळी, चकाकती पट्टी पसरली होती. पांढरी गाडी त्या पट्टीवर पूर्ण वेगात आली. बेपोने चाक फिरवले असेल, ब्रेक मारला असेल, पण तेलावर कोण कुणाचे ऐकतो? गाडी आडवी झाली, टायरांच्या भिंतीवर आपटली, हवेत उडाली आणि मागच्या दगडी बांधावर उलटी, छपराच्या बाजूने पडली. पत्रा फाटल्याचा आवाज झाला. मग एक क्षण शांतता. मग भपकन आग.

क्लाउदियो धावला. दोनदा तेलावर घसरून पडला आणि गुडघे फुटलेल्या पायांनी पुन्हा धावला. बेपो पट्ट्याला उलटा लटकला होता. त्याचा डावा हात दाराच्या पिचलेल्या पत्र्यात अडकला होता आणि ज्वाळा त्याच हाताच्या बाजूने वर चढत होत्या.

"ओढ!" बेपो ओरडत होता. "तुटला तरी चालेल, ओढ मला!"

क्लाउदियोने पाय पत्र्याला लावून ओढले. बेपोची किंकाळी डोंगराला जाऊन आपटली. तो बाहेर आला. दोघे गवतात पडले, आणि गाडीची टाकी त्यांच्या पाठीमागे फुटली.

बेपोला रुग्णवाहिका घेऊन गेली. आमची गाडी ओढून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला दुरुस्तीच्या जागी, आणली, तेव्हा बेपोचा थोरला भाऊ तोने तिथे उभा होता. त्याचा पहिला गुद्दा क्लाउदियोच्या जबड्यावर बसला, दुसरा बरगडीत. क्लाउदियो खाली पडला, तर तोनेने त्याला कॉलर धरून उचलले आणि बंपरवर, माझ्यावर आपटले.

"रस्ताभर तेल ओतत का पळवलीस? का?"

"कूलर फुटला!" क्लाउदियोच्या तोंडातून रक्त येत होते. "माझा काय दोष? निवेसने भंगार बसवलं! तिला विचार, तिला!"

सगळे लोक निवेसकडे वळून पाहू लागले. तिने गुडघे टेकले, हात आत घालून मला चाचपले. भोकाशी बोट थांबले. मग तारांच्या कापलेल्या टोकांशी थांबले. ती उठली, डिकी उघडली, हत्यारांची पिशवी बाजूला सारली. खाली जाळी होती.

तिने ती जाळी उचलली आणि सर्व शक्तीनिशी भावाच्या तोंडावर मारली. गालावर रक्ताच्या चार रेघा उमटल्या.

"भंगार मी बसवलं का रे?" तिचा आवाज फाटला होता. "बेपोला हे तू सांगायचंस. मी नाही, तोने नाही, इथलं दुसरं कुणी नाही. आणि सांगेपर्यंत मला बहीण म्हणू नकोस."

तिसऱ्या दिवशी क्लाउदियोने मला गाडीतून सोडवले, फडक्यात गुंडाळले आणि हॉस्पिटलात नेले. बेपोचा डावा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. दोन बोटे डॉक्टरांना वाचवता आली नव्हती. त्याने क्लाउदियोचा सुजलेला जबडा पाहिला आणि हसायचा प्रयत्न केला.

"तोनेने मारलं ना? सोडून दे. त्याला मी सांगितलंय. दगड माझ्याच चाकाचा होता. मीच खडीत उतरलो. तुझा काही दोष नाही."

मित्रांनो, त्या क्षणी क्लाउदियोची सुटका झाली होती. फक्त गप्प बसायचे होते. त्याने मला पलंगावर ठेवले, फडके उघडले आणि भोक दाखवले.

"इथे जाळी होती," तो म्हणाला. "मी कापली. तुझ्या पुढे जायचं होतं म्हणून. आणि लाल दिवा लागला होता, बेपो. मी बघितला. तरी थांबलो नाही."

बेपोने उजव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला आणि भिंतीवर फोडला.

"नीघ," तो म्हणाला. "नीघ इथून!"

निवेसने मला दुरुस्त केले नाही. ती म्हणाली, भोक बुजवता येईल, पण आत घुसलेला चुरा कधीच पुरता निघत नाही, आणि असा कूलर दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. तिने मला गॅरेजच्या भिंतीवर टांगले. क्लाउदियोने ट्रॅक सोडला. बंदरावरचे काम आटोपले की तो गॅरेजात येई आणि बहीण सांगेल ते करी. ती त्याच्याशी बोलू लागली होती, पण थट्टा अजून करत नव्हती.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दारात एक करडी गाडी थांबली. बेपो उतरला. डाव्या हातात चामडी हातमोजा होता आणि त्याची दोन बोटे रिकामी होती.

"कूलर हवाय," तो निवेसला म्हणाला. "मोठा नको. गाडीच्या मापाचा. थर्मोस्टॅटसकट."

निवेसने एक निवडून बाकावर ठेवला आणि पान्याकडे हात नेला.

"तू नको," बेपो म्हणाला. त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या क्लाउदियोकडे हनुवटी उडवली. "तो बसवेल."

क्लाउदियोचा चेहरा उतरला. "मी? बेपो, माझ्या हातचं तू..."

"शहरात बाकीचे सगळे एकदा आवळतात आणि सोडून देतात. तू दहादा बघशील. मला माहीत आहे."

बेपोने खुर्ची ओढली आणि गाडीसमोर बसला. तीन तास तो उठला नाही. क्लाउदियो प्रत्येक नट आवळी, पुन्हा तपासी, त्यावर रंगाची खूण करी. शेवटचा पाइप जोडताना पाना त्याच्या हातून निसटून जमिनीवर पडला.

"माफ केलंस का मला?" त्याने खाली पाहतच विचारले.

"नाही," बेपो म्हणाला. त्याने वाकून पाना उचलला आणि उरलेल्या तीन बोटांनी त्याच्यापुढे धरला. "आवळ."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती वेगवान यंत्रे येतील. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना नीट मापाने निवडा, नीट बसवा, आणि आमच्या अंगावरचे कवच आपल्या हौसेसाठी कापू नका. आणि लाल दिवा लागला, तर तिथेच पाय उचला. तीन वळणे पुढे जाऊ नका. तुमच्या मागून कुणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवून वेगाने येत असते.