माशी न बसलेली सुकट

गोदू कोळणीला राग आला की शेजारीपाजारी दारं लावून घेत. पण त्या माघातला तिचा राग दारं लावून थोपवता येण्यासारखा नव्हता. तिची चार वर्षांची नात रंगू खळ्यावर वाळत घातलेली सुकट मूठमूठ भरून खायची. वाडीतली सगळीच पोरं खातात. त्या दिवशी खाल्ली आणि तासाभरात तिचे हातपाय थडथडायला लागले. अलिबागच्या डॉक्टरांनी सुकटीवर काय टाकलं होतं ते विचारलं, आणि गोदूने सांगताच कपाळाला हात लावला.

"अहो बाई, भिंतीवर मारायचं विष आहे ते! अन्नावर कोणी टाकतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगू गेली.

कोणी टाकतं का, म्हणे! तीन वर्षं अख्खी वाडी टाकत होती, दरवर्षी थोडी जास्तच. नागावच्या पलीकडच्या त्या कोळीवाड्यात हिवतापाचे फवारेवाले पहिल्यांदा आले, तेव्हा रामचंद्र नावाच्या तरण्या फवारेवाल्याने सगळ्यांदेखत बोटभर डीडीटी चाटून दाखवली होती. डास मरतात, माणसाला काही होत नाही. उवा झाल्या तर डोक्यालाही चोळा, म्हणाला. गोदूचं डोकं भारी तल्लख. भिंतीखाली मेलेल्या माश्यांचा सडा पाहिला आणि तिला खळं आठवलं. माशी बसली की सुकटीत अळी पडते, आणि आठवड्याची मेहनत फेकून द्यावी लागते. तिने डबाभर पावडर मागून घेतली आणि सुकटीवर भुरभुरवली. एक माशी फिरकेल तर शपथ! मग तिनेच वाडीतल्या बायकांना बोलावून बोलावून शिकवलं. जी म्हातारी माणसं नुसत्या मिठावर भिस्त ठेवून होती, त्यांची टिंगल केली ती वेगळीच.

रंगूचा दहावा झाला आणि फवारेवाले पुन्हा वाडीत आले. त्यांना पाहताच गोदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने रामचंद्रची गचांडी धरली.

"मानसाला काय व्हत न्हाय, असा म्हनला व्हतास ना रं?"

"मावशी, आमाला सायबानं तसंच सांगितलं व्हतं." तो रडकुंडीला आला.

"आनि सायबाला कोनी सांगितलं?"

"त्याच्या वरच्या सायबानं."

गोदूने त्याला सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन काय मिळणार? वरचे साहेब कोळीवाड्यात थोडेच येतात! ते आपलं शहाणपण खाली पाठवतात, आणि ते चुकलं की मरायला खालचीच पोरं लागतात.

तिने खळ्यावरची सगळी सुकट खड्डा खणून पुरली. "तुमी पन पुरा!" ती बाकीच्या बायकांवर ओरडली. तिची जाऊ बायजा आपल्या सुकटीची पाटी घेऊन खड्ड्याशी आली.

"आमाला तूच शिकवलंस, गोदू," एवढंच ती म्हणाली.

खरंच होतं ते. साहेबांना दिलेल्या सगळ्या शिव्या आता गोदू स्वतःला देऊ लागली. त्यात आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. भाताची झोडणी झाली की नव्या भाताच्या बदल्यात ती दरवर्षी पालीकडच्या गावांत सुकट देऊन येई. यंदाही मार्गशीर्षात टोपल्याच्या टोपल्या देऊन आली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने पालीची एसटी पकडली. चंद्राबाईचं घर भातशेतीवाल्यांचं, वीस वर्षांच्या ओळखीचं. गोदू अंगणातूनच ओरडली, "ती सुकट खाऊ नका गं!"

चंद्राबाई हसत बाहेर आली. "ती कवाच सरली! काय झ्याक व्हती यंदाची, एक अळी न्हाय. आमची केसर दोन जिवांची, तिला दुसरं काय गिळवंना. दोन म्हयने सकाळ-सांज तीच भाजून घातली." मागे तिची सून पोटावर पदर ओढून लाजत उभी होती. "परवा डोहाळजेवन हाय तिचं. आनलीस का आनखी?"

गोदूला वाटलं, साहेबांना, रामचंद्रला आणि स्वतःला तिथेच एका दोरीने बांधून फोडून काढावं. पण केसर तिच्याकडे पाहत होती.

"चंद्राबाय, खाली बस," ती म्हणाली. "मी काय केलंय ते सांगते."