हाळी

शेजारच्या हायरमच्या नव्या कोठाराची लाकडी चौकट उभी करायची होती. तीस बाप्ये जमले होते. अशा दिवशी हाळी द्यायची ती ऑरिननं, हे मेडो क्रीक गावात वीस वर्षं ठरलेलं. त्याच्या 'हो... हैय्या'वर चौकट वर रेटणाऱ्या साऱ्यांच्या लांब बल्ल्या एकदम उचलल्या जायच्या. त्याच्या बायकोनं, लव्हायनानं, लग्न केलं ते त्या आवाजाशीच, असं तिची आई म्हणायची.

मग लोकांनी त्यालाच मॅडिसनला विधानसभेत निवडून धाडलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची लेक टेम्पी गेली, सहा वर्षांची, घटसर्पानं. रस्ते बर्फानं बंद. शवपेटी हायरमनं ठोकली, गोठलेली जमीन याच माणसांनी कुदळींनी फोडली. ऑरिन आला तेव्हा बर्फ वितळलं होतं. लव्हायना रडली नाही. दूध काढायची, लोणी घुसळायची, झोपायची.

आज निघताना मात्र ती म्हणाली, "अहो, हाळी तुम्हीच द्या." ती एकदा ऐकली तर आत काहीतरी हलेल, असं तिला वाटत होतं.

"मागितली तर देईन."

"त्यात मागायचं काय?"

पण तिथं पोचताच हायरम ओरडला, "आमदारसाहेब, तुमची खुर्ची इकडे, सावलीत!"

खुर्ची म्हाताऱ्यांच्या रांगेत होती. ऑरिन काळ्या कोटात बसला. "एक बल्ली मलाही द्या रे."

"कोट मळेल, साहेब. तुम्ही कायदे उचला, लाकडं आम्ही उचलतो." माणसं हसली. हायरमच्या मनात काही वाकडं नव्हतं.

हाळी हायरमच्या मेव्हण्यानं दिली. आवाज किरटा. चौकट अर्ध्यावर गेली आणि अडकली. बल्ल्या थरथरू लागल्या.

"अरे, ओरड की!"

"ओरडतोय ना!"

"हे ओरडणं? माझी कोंबडी बरी!"

लव्हायनानं नवऱ्याकडे बघितलं. ऑरिन उठला. त्यानं टोपी काढली, आणि उभा राहिला. तोंड अर्धवट उघडं. तो विधानसभेत बघतात तशी बोलायची परवानगी मिळण्याची वाट बघत होता, हे तिला जरा उशिरानं कळलं.

त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. मेव्हण्यानं पुन्हा हाळी दिली, बेसूर पण मोठी. चौकट वर गेली, खाचेत बसली. टोप्या हवेत उडाल्या.

ऑरिन अजून उभाच होता.

"बसा," लव्हायना म्हणाली.

तो बसला. तिनं सगळ्यांच्या जेवणासाठी आणलेल्या मक्याच्या पावाचा एक तुकडा त्याच्या हातात ठेवला, आणि पुढची लादी कापायला घेतली.