कोरी मोटार

"शेठ, तुम्ही बाजूले सरका! आंगवर येई ती!"

डोंगरसिंगानं हाळी दिली तरी चुनीलाल हलला नाही. नंदुरबार स्टेशनच्या मालधक्क्यावर, सुरतेहून आलेल्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीतून नवी मोटार दोन फळ्यांवरून इंचाइंचानं खाली सरकत होती, आणि हा गृहस्थ तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उलटा चालत होता. पडलीच तर झेलणार होता म्हणे! आठ हमाल मागून दोर धरून होते. मोटारीचा रंग दुधावरच्या सायीसारखा होता, आणि तिच्यावर माशी बसली तरी चुनीलाल फुंकर मारून ती उडवत होता.

खाली डोंगरसिंगाचा गाडा उभा होता. डोंगरसिंग तळोद्याकडचा भिल्ल गाडीवान. सातपुड्यातून सागाचे लांब सोट आणणं हा त्याचा धंदा, आणि त्याविषयी न थकता बोलणं हा दुसरा धंदा. चुनीलालच्या सांगण्यावरून त्यानं दोन बैलगाड्या मोडून एक केली होती. चार चाकांवर सागाचे दोन सोट आडवे टाकून वर फळ्या ठोकल्या होत्या, फळ्यांवर गोदड्या अंथरल्या होत्या आणि पुढे बैलांच्या तीन जोड्या जुंपल्या होत्या.

"मोटारले बैल!" एक हमाल हसून म्हणाला. "मंग ती मोटार कशाले लिधी?"

"तुले काय करनं?" चुनीलाल खेकसला.

कारण तसंच होतं. चुनीलालचं शहाद्याला ऑइल इंजिनांचं दुकान होतं. वर्षापूर्वी त्यानं मोठ्या हौसेनं मोटारींची एजन्सी घेतली. पहिली मोटार ड्रायव्हरनं नंदुरबारहून हाकत आणली. शहाद्याला पोचली तेव्हा तिच्यावर इतकी धूळ होती की रंग विचारून घ्यावा लागला. पुढच्या जाळीत कोंबडीची पिसं होती आणि मागच्या गादीवर ड्रायव्हरचा साडू सहकुटुंब बसलेला होता. दुसरी बैल लावून तापीच्या उतारातून ओढली. गिऱ्हाइकानं दार उघडलं तर आतून पाणी आलं आणि पाण्याबरोबर एक मासोळी. गावभर हसू झालं. मोटार कंपनीच्या मुंबईच्या साहेबानं बजावून ठेवलं होतं, की तिसरी मोटार गिऱ्हाइकानं नाकारली तर एजन्सी दुसऱ्याला देऊ. चुनीलालची बायको तर मासोळीच्या दिवसापासून रोज जेवताना विचारायची, "आज दुकानमा काय सापडनं?"

आणि तिसरं गिऱ्हाईक कोण, तर तापीबाई!

तापीबाई म्हणजे नदीच्या उत्तर काठच्या गुजरांच्या गावातलं मोठं प्रस्थ. नवरा गेल्यावर कापूस आणि केळी तिनं एकटीनं सांभाळली. सत्तरीला आली तरी आवाज असा, की शेताच्या या बांधावरून बोलली तर त्या बांधावरचा गडी उभा राहायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, लेकीला सासरहून मोटारीतून आणायचं तिच्या मनात आलं, आणि तिनं चुनीलालला बोलावून एकच अट घातली.

"चुनी, माले कोरी मोटार पाहिजे. कोनी चालाडेल नको."

"काकी, तिले आठेलोंग आननी म्हनजे थोडीफार चालाडनी पडीच ना?"

"बजारमा मडकं लेवाले गया, तर कोनी पानी पियेल मडकं लेशी का तू?"

चुनीलालनं अट कबूल केली. तापीबाईच्या कोरेपणाच्या हट्टाची कीर्ती साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. दहा वर्षांपूर्वी माहेरी, कोपर्लीला, भाच्याच्या लग्नात भावजयीनं तिला आहेराचं लुगडं दिलं. मांडवातच तिनं घडी उलगडली, तर आत मधोमध हळदीचा डाग! कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं लुगडं आपल्याला दिलं, असं तिच्या मनानं घेतलं. ती जेवायलाही थांबली नाही, लुगडं बोचक्यात कोंबून तशीच गाडीत बसून सासरी परतली. पुढे दर आखाजीला भाचा मुऱ्हाळी म्हणून न्यायला यायचा. ती त्याला पोटभर जेवू घालायची आणि एकटाच परत पाठवायची. कोपर्लीचं नाव तिच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून चुनीलालनं ठरवलं होतं, ही मोटार हाकायची नाही, वाहायची. चाक जमिनीला टेकेल ते थेट तापीबाईच्या अंगणात. मोटार गाड्यावर चढली, दोरांनी आवळली, दोराखाली कापसाच्या गाद्या दिल्या, आणि वरून पांढरं मांजरपाट टाकून ती पार झाकून टाकली. चुनीलालनं कपाळावरचा घाम पुसला.

"आते हाक, पन हळू."

"सागना सोट आनस मी सातपुडामाईन," डोंगरसिंग म्हणाला. "ही तर पोकळ पेटी शे, शेठ."

वाटेत लोकांनी काय काय नाही विचारलं! कुणाला वाटलं, देवाचा रथ निघाला. एका म्हाताऱ्यानं तर पागोटं काढून नमस्कार केला आणि चुनीलालनं, वाद नको म्हणून, तो स्वीकारला. दुपारी ऊन टिपेला पोचलं. बैलांच्या तोंडाला फेस आला. डोंगरसिंगानं पुढच्या गावातल्या विहिरीजवळ गाडा थांबवला. गाव कोपर्लीच होतं, दुसरी वाट नव्हती.

समोरच्या घरातून एक म्हातारी ताकाची कासंडी घेऊन आली. तिनं दोघांना पोटभर ताक पाजलं. ओतताना तिच्या उजव्या हाताची करंगळी बाजूला काटकीसारखी ताठ उभी राहत होती. चुनीलालनं तिला आशीर्वाद दिला, तिनं त्याला दिला, आणि तो निंबाखाली आडवा झाला. डोळा केव्हा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा मांजरपाटाचं एक टोक वर उचललेलं होतं आणि मोटारीच्या दारावर, त्या सायीच्या रंगावर, हळदीचा पंजा उमटला होता.

चुनीलाल धडपडत उठला.

"डोंगरसिंग! हाई काय शे?"

"ती ताकवाली माय," डोंगरसिंग बैलाची पाठ थोपटत म्हणाला. "तिनी इचारं, मोटार कोनाकडे चालनी? मी सांगं, तापीबाईकडे. मंग ती घरमा गयी, तेलमा हळद कालाईसन उनी. भली बाई शे. जसोदाबाई म्हनतस तिले."

जसोदाबाई! म्हणजे तापीबाईची भावजय. तीच ती, डागाच्या लुगड्याची!

चुनीलालनं कपाळावर हात मारून घेतला. मग तो धोतराच्या सोग्यानं पंजा पुसू लागला. तेलातली हळद ती, पुसली जाते थोडीच? कडेनं थोडी पसरली मात्र. तो घाबरून थांबला. दहा वर्षांपूर्वीचा एक हळदीचा डाग त्या बाईनं अजून पोटात ठेवला होता, आणि आता त्याच घरातून, त्याच हातानं, दुसरा! मासोळी परवडली असती. मासोळी निदान धुऊन जाते.

"तुन्ह तोंड बंद ऱ्हातं तर काय बिघडतं रे?" तो कळवळून म्हणाला.

"तिनी इचारं, मी सांगं," डोंगरसिंग म्हणाला. "खोटं सांगू का?"

प्रकाशा गावाजवळ तापी नदी ओलांडताना चुनीलालचं लक्षच नव्हतं. एरवी त्यानं जीव मुठीत धरला असता. नावाडी लोटननं दोन नावा शेजारी बांधून वर फळ्यांचा माळा केला होता. गाडा मोटारीसकट त्यावर चढला, बैल मागच्या खेपेला आले, आणि पलीकडच्या रेतीत गावच्या पोरांनी ढकलून हातभार लावला. एक थेंब पाणी आत गेलं नाही. लोटन स्वतःवरच इतका खूष झाला, की पुढची मोटार मी फुकट आणीन म्हणाला. पुढची मोटार! चुनीलाल कसनुसा हसला. त्याच्या डोळ्यांपुढे बायको ताट वाढत होती आणि विचारत होती, आज दुकानात काय सापडलं?

दिवस मावळायला बराच अवकाश होता तेव्हा गाडा तापीबाईच्या अंगणात शिरला. अंगण सारवलेलं, मधे मोठी रांगोळी. अर्धं गाव जमलेलं. उतरंडीच्या फळ्या लागल्या, दोर सुटले, आणि मोटार हलक्या पावलानं खाली आली. चारही चाकं शेणाच्या सारवणावर टेकली. लोकांनी "वा वा" केलं. चुनीलालनं मोठ्या खुबीनं दाराच्या त्या बाजूला स्वतः उभं राहून घेतलं होतं.

तापीबाईनं स्वतःच्या हातानं मांजरपाट ओढलं. मोटारीभोवती एक फेरी घातली. चाकांच्या खाचांत बोट घालून पाहिलं, मातीचा कण नव्हता. जाळीत डोकावली, पीस नव्हतं. तिचा चेहरा खुलला.

"कोरी शे," ती म्हणाली. "शाबास रे चुनी. सरक तठून."

चुनीलाल सरकला नाही.

"सरक म्हनस ना!"

तो सरकला. तापीबाई दारावरच्या पंजाकडे बघत राहिली.

"हाई कोनी लायं?"

"काकी…" चुनीलालनं सुरुवात केली. थाप मारायची म्हणून तोंड उघडलं, आणि डोंगरसिंगाचं "खोटं सांगू का?" आठवून खरं तेच बाहेर पडलं. "कोपर्लीमा. जसोदाबाईनी."

कुणीतरी खाकरलं. तापीबाईच्या नाकपुड्या फुगल्या. आता गाडा तसाच उलटा फिरवावा लागणार हे चुनीलालला स्वच्छ दिसलं, आणि बुडत्यानं हात मारावा तसा तो बोलून गेला,

"काकी, जुनी वस्तूले कोनी हळद लावस का? कोरी शे म्हनीसनच लायी ना तिनी!"

तापीबाईनं पंजाकडे पुन्हा पाहिलं. ती दाराजवळ वाकली. चार बोटं एका जागी नीट उमटली होती, पण करंगळीचा फराटा त्यांच्यापासून लांब, पार दाराच्या मुठीजवळ तिरपा पडला होता. तिनं अंगठा आणि तर्जनी ताणून ते अंतर मापलं. हाताचं माप तसंच धरून, कुणाकडे न बघता, ती घरात गेली.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. आतून पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. चुनीलाल दारातून डोकावला. तापीबाई जमिनीवर बसली होती. पुढ्यात एक हिरवं लुगडं घडीसकट पडलं होतं. घडीच्या कडेला, कोऱ्या कापडाला लावतात तसं, हळदीचं एक पुसट बोट होतं, आणि तिथून आत, घडीच्या पोटात, एक तिरपा फराटा. ती आपला ताणलेला हात एकीकडून दुसरीकडे ठेवत होती आणि पुन्हा ठेवत होती.

"ती करंगळी मन्हा हातनी मोडेल शे," ती चुनीलालकडे न बघताच म्हणाली. "ती नवी नवरी व्हती. एकच उखळमा दोन मुसळ घालूत आमी. मन्हा नेम चुकना. तधळपासून ती मिटसच नही. हळद कोठे लावस आन् लागस कोठे." तिनं नाक ओढलं. "आन् येडीनी दहा वरीसमा एक सबद सांगा नही!"

"तुम्ही इचारं व्हतं का, काकी?"

ही शहाण्यासारखी गोष्ट नव्हती, पण बोलून गेला. तापीबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. आणि एकाएकी हसली, पदर तोंडाला लावून, नव्या सुनेसारखी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

थोड्या वेळानं ती बाहेर आली ती ते हिरवं लुगडं नेसून. घड्यांच्या रेघा अंगभर उठून दिसत होत्या. मोटारीचं दार तिनं पंजा न मोडेल अशा बेतानं उघडलं आणि मागच्या गादीवर ऐसपैस बसली.

"चुनी, चालाड."

"लेकीले आनाले?"

"तिले सकाय आनसूत. आज कोपर्ली."

चुनीलालला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. डोंगरसिंगानं नुकतेच बैल सोडले होते.

"काकी, कोपर्ली नदीना पल्याड शे! आम्ही आतेच तठून…"

"मन्ह माहेर कोठे शे ते तू माले सांगशी का? लोटनले निरोप धाड, नावा सोडू नको म्हना."

नदीच्या रेतीत बैल लागणारच म्हणून डोंगरसिंग खो खो हसत पुन्हा जू उचलायला गेला. चुनीलालनंही मान हलवली. मोटार विकली गेली होती हे त्याच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं, आणि त्या आनंदात, माल निदान नीटनेटका तरी दिसावा म्हणून, सवयीनं धोतराचा सोगा घेऊन तो दाराकडे वळला.

"हात लावू नको त्याले," आतून आवाज आला. "पुसशी ना, तर मोटार परत लई जा."